टॉवरवरून दाखवलेला दिवा

खाडीकाठचं गाव विमानतळासाठी उठलं तेव्हा प्रितम पंचविशीत होता. त्याच्या लग्नाची बोलणी जुन्या घरात झाली आणि वरात नव्या वसाहतीत आली. मिताली ऐरोलीची. तिचा बाप कोळीच, पण कंपनीत कामाला, त्यामुळे खाडीचा चिखल तिच्या पायाला कधी फारसा लागलाच नव्हता. वडघरच्या बाजूला मिळालेल्या प्लॉटवर भावाभावांनी मिळून बिल्डिंग बांधली, त्यातला दुसरा मजला प्रितमच्या वाट्याला आला. त्याचा बाप जयदेव होडीवाला. नव्या घराच्या गॅलरीत बसून तो नुसता बाहेर बघत राहायचा. वर्षभरातच झोपेत गेला. मागे राहिले आई चंद्राबाई, प्रितम, मिताली आणि नंतर झालेली पोर स्नेहल.

प्रितमने टेम्पो घेतला. बर्फ, मासळी, भाजी, कधी कुणाचं घरसामान. मिळेल ते भाडं मारायचा. बोलायला मोकळा, गाडीवरचा हात सफाईदार. गल्लीबोळातून टेम्पो असा काढायचा की शेजारचे म्हणायचे, याला आंधळ्या कोशिंबिरीत चालवायला दिला तरी चालवेल. पण त्याचं मन टेम्पोत नव्हतं. गाव गेलं त्या जागेवर रोज नवीन काहीतरी उभं राहत होतं, डोंगर कापला जात होता, नदीचा प्रवाह वळवला जात होता, आणि हे सगळं तो पुलावरून जाताना मान वळवून बघायचा. आपली जमीन गेली, मग त्या जमिनीवर आपलं काहीतरी चाललं पाहिजे, असं त्याला वाटायचं. तक्रारीच्या सुरात नाही, साधंच वाटायचं.

म्हणून विमानतळाच्या आत गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांची भरती निघाली, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी नाव दिलं. एका कंत्राटदाराकडे महाप्याला ट्रेनिंग होतं. त्यातून पास झालेल्यांपैकी काही जणांना पुढे 'फॉलो मी' गाडी मिळणार होती. उतरलेल्या विमानाच्या पुढे चालायचं आणि त्याला उभं राहायची जागा दाखवायची, असं त्या पिवळ्या गाडीचं काम.

"एवढं मोठं विमान," प्रितम मितालीला म्हणाला, "आणि ते माझ्या मागून येणार. मी वळलो की ते वळणार."

"आणि तू चुकलास की?" मिताली म्हणाली.

"तेच तर शिकवतात ना. टेन्शन नको घेऊ."

शिकवायला उदयसिंह सर होते. मूळचे साताऱ्याकडचे, आयुष्य हवाई दलाच्या तळांवर काढलेले, आवाज खणखणीत. प्रितम संध्याकाळी घरी आला की चहाचा कप हातात धरून त्यांचं सगळं जसंच्या तसं सांगायचा. धावपट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात आकडे असतात आणि ते होकायंत्रावरची दिशा सांगतात. एका टोकाला शून्य आठ लिहिलं म्हणजे त्या बाजूने धावणाऱ्या विमानाचं नाक जवळपास पूर्वेला, ऐंशी अंशावर. दुसऱ्या टोकाला सव्वीस, म्हणजे पश्चिम. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, आणि विमान धावपट्टीपासून इमारतीपर्यंत ज्या रस्त्याने येतं त्या टॅक्सीवेवरच्या खुणा पिवळ्या. धावपट्टी जवळ आली की जमिनीवर आडव्या चार पिवळ्या रेघा लागतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघ तुझ्या बाजूला असेल तर थांब. कंट्रोल टॉवरने हो म्हटल्याशिवाय गाडीचं चाक रेघेवर जाता कामा नये.

"सर सांगतात, ती रेघ ओलांडलेल्या माणसाला परत दुसरा चान्स मिळेलच असं नाही," प्रितम म्हणायचा. मग स्नेहलला मांडीवर घेऊन विचारायचा, "सांग, तुटक बाजूने आलो तर?"

"जायचं!" स्नेहल ओरडायची.

मितालीला त्याचं ते रूप आवडायचं. लग्न झाल्यापासून तिने त्याला दमलेला पाहिला होता, हसवणारा पाहिला होता, पण शाळेतल्या हुशार मुलासारखा कधी पाहिला नव्हता. चंद्राबाई दारात मासळीची टोपली धुता धुता ऐकायची आणि काही कळलं नाही तरी मान डोलवायची.

विमानतळाचा नकाशा कागदावर बारीक होता. एका रविवारी मितालीने हॉलमधलं फर्निचर भिंतीला सरकवलं आणि फरशीवर रांगोळीने तो नकाशा मोठा काढला. दिवाळीला बिल्डिंगच्या दारात रांगोळी तीच काढायची, हात बसलेला होता. पांढरी धावपट्टी झाली, पिवळे रस्ते झाले. मग दिवे. प्रितम कागद बघून सांगत होता. टॅक्सीवेच्या कडेला निळे ठिपके, रस्त्याच्या मधोमध हिरवे ठिपके, आणि थांबायच्या रेघेवर आडवे लाल. धावपट्टीच्या ज्या टोकाकडून विमान येतं तिकडून दिसणारी ओळ हिरवी, संपते तिकडची लाल.

"हिरवी डबी दे," मिताली खाली वाकून म्हणाली.

त्याने डबी दिली. तिने चिमूट घेतली, सोडली आणि थांबली. विटकरी लाल रंग होता.

"हिरवी रे."

"हीच ना?"

तिला वाटलं थट्टा करतोय. तिने मान वर केली. तो दोन्ही डब्या हातात धरून उभा होता, एक उजेडाकडे करून बघत होता, मग दुसरी. गडद हिरवी आणि विटकरी. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. स्नेहल मधे घुसली आणि म्हणाली, "बाबा, ही हिरवी!" त्याने हसून ती पुढे केली. "या डब्यांवर नावं लिहायला पाहिजेत," तो म्हणाला आणि परत कागदात डोकं घातलं.

मितालीने हिरवे ठिपके काढले. पण त्यानंतर तिचं लक्ष रांगोळीत राहिलं नाही.

त्या आठवड्यात ती त्याच्यावर नजर ठेवून होती आणि स्वतःचा राग करत होती. बाजारातून येताना टोमॅटो आणलेस तर पिकलेले आण, असं तिने मुद्दाम सांगितलं. त्याने दुकानदाराला निवडायला लावले. तिने लाल ब्लाउज घालून विचारलं, हिरवा घालू की हा? तो म्हणाला, "हाच छान आहे," आणि रंगाचं नाव घेतलं नाही. सिग्नलला तो कधी चुकत नव्हता, कारण वरचा दिवा थांबायचा आणि खालचा जायचा. तिला आता एकेक आठवायला लागलं. त्याचे विजोड मोजे. स्नेहलच्या चित्रातलं झाड बघून तो म्हणाला होता, "केवढा मोठा तपकिरी ढग काढलायस!" आणि पोर रडली होती.

कुणाशी बोलायचं ते तिला कळेना. शेवटी दुपारी प्रितम घरी नसताना ती सासूजवळ बसली आणि सगळं सांगून टाकलं.

चंद्राबाईने कोळंबी सोलायची थांबवली. मग म्हणाली, "माजे बापाला बी असाच व्हता."

"काय?"

"दर्यावरचे होरीला हिरवा रंग लावाचा ता लाल लावून आयला. सगला कोलीवारा हसला. आमी बोललो, म्हातारा पिऊन आयलाय." तिने हात पदराला पुसले. "आन् या प्रितमला मी मारला हाय गं. मासली घेताना कल्ले बग म्हनायची. लाल असले तर ताजी, मातीसारके झाले तर शिली. ता बगायचाच नाय. आंगठ्याने दाबून बगायचा नायतर वास घ्यायचा. एकदा शिला पापलेट घेऊन आयला, तवा मी काठी घेतली. मना वाटला, याला अक्कल नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मितालीला ते बघवेना.

"आई, आता काय करायचं? त्याला सांगायला हवं."

"नको," चंद्राबाईने तिचा हात धरला. "परीक्षा होऊ दे. कुनाला कलनार हाय? गाव गेला, बाप गेला. येक गोस्ट त्याचे मनासारकी होतंय. नको सांगू पोरी."

मिताली गप्प बसली. ती पुढेही गप्प राहिली, आणि तेच तिला नंतर सर्वांत जास्त बोचत राहिलं.

पण सांगायची वेळ तिच्यावर आलीच नाही. एका संध्याकाळी प्रितम घरी आला. चहा घेतला नाही, स्नेहलला जवळ घेतलं नाही, गॅलरीत बाप बसायचा त्या खुर्चीत जाऊन बसला. मितालीने विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हणाला. काय झालं ते तिला दिपेशकडून कळलं. दिपेश त्याचा चुलतभाऊ, त्याच्याबरोबर ट्रेनिंगला जाणारा. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा प्रितम आंघोळीला गेला होता.

महाप्याला मागच्या पटांगणात गाडी चालवायची प्रॅक्टिस होती. उदयसिंह सर छतावर उभे होते, हातात रंगीत काचेचा मोठा दिवा. सर म्हणाले होते, गाडीतला रेडिओ बंद पडला तर टॉवर तुमच्याशी दिव्याने बोलतो. हिरवा चमकला तर पुढे जा. लाल स्थिर दिसला तर जिथे आहात तिथे थांबा. लाल चमकत राहिला तर रस्ता सोडून बाजूला व्हा. पांढरा चमकला तर सरळ परत या. एकच दिवा, एकच जागा. खुणेला वर-खाली काही नाही.

"सरांनी लाल धरला आणि प्रितमदादा सरळ गाडी घेऊन आला," दिपेश म्हणाला. "सर ओरडले, लक्ष कुठंय? परत केलं. या वेळी हिरवा चमकवला, तर हा जागच्या जागी उभा. पोरं हसली. सर नाही हसले. खाली आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मेडिकलच्या आधी डोळे दाखवून घे."

दिपेशने पिशवीतून एक पुस्तक काढलं. त्यात पानोपानी रंगीत ठिपक्यांची वर्तुळं होती आणि ठिपक्यांत आकडे लपलेले. मिताली बघत होती तसे आकडे आपोआप वर येत होते, बारा, आठ, सहा. मेडिकलला हेच दाखवतात, दिपेश म्हणाला. कुठल्या पानावर काय, ते पाठ केलं की झालं. मागच्या खेपेला एकाने तसंच केलं होतं.

प्रितम डोकं पुसत बाहेर आला, पुस्तक पाहिलं आणि त्याला कळलं की मितालीला सगळं कळलंय. दिपेश पुस्तक ठेवून निघून गेला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" प्रितमने विचारलं.

"रांगोळीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास? तुला तर लहानपणापासून माहीत असेल."

"मला काय माहीत?" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "तुला जे दिसतं ते मला दिसत नाही हे मला कसं कळणार? मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. फक्त लोकांना नावं पटकन आठवतात आणि मला नाही. मला वाटायचं मी मंद आहे."

मितालीने त्याच्या हातातला ओला टॉवेल घेऊन दोरीवर टाकला.

मग त्या दोघांनी ते केलं जे करू नये हे दोघांनाही कळत होतं. स्नेहल शाळेत गेली की मिताली पानं उलटायची आणि प्रितम म्हणायचा. तिसऱ्या पानावर सहा. तेराव्या पानावर पंचेचाळीस. त्याची स्मरणशक्ती पक्की होती. दोन-तीन दिवसांत त्याला सगळं पुस्तक पाठ झालं, आणि पाठ झालं तसा त्याचा चेहरा पुन्हा उजळायला लागला. मितालीचा मात्र उतरत गेला. एकदा ती पान उलटता उलटता थांबली.

"आणि टॉवरने दिवा दाखवला तर?"

"रेडिओ असतो."

"रेडिओ बंद पडला तर?"

"दहा वर्षांत एकदा बंद पडतो."

"त्या एकदाला मागे विमान असेल ना?"

प्रितमने पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि मिटलं. रागावला नाही. "मग मी काय करू, मिताली? तूच सांग. तू सांगशील ते करतो."

तिच्यात नको म्हणण्याची हिंमत नव्हती आणि कर म्हणण्याची तर त्याहून नव्हती.

ऐरोलीच्या नेत्ररुग्णालयात ती बरोबर गेली. तपासणाऱ्या डॉक्टर मध्यमवयीन, शांत बाई होत्या. त्यांनी पुस्तक उघडलं. प्रितमने पहिलं पान सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसरं त्यांनी नीट उघडायच्या आतच सांगितलं. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पुस्तक मिटून मागच्या बाजूने मधेच कुठेतरी उघडलं आणि उलटं धरलं.

प्रितम बघत राहिला. मिताली मागच्या स्टुलावर होती. तिला तिथून आकडा स्पष्ट दिसत होता, उलटा का होईना. तो तिच्या जिभेच्या टोकावर आला होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मला नाही दिसत, मॅडम," प्रितम म्हणाला. "मी पाठ केलं होतं."

बाईंनी पुस्तक खाली ठेवलं. "बरेच जण करतात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मितालीला जास्तच रडू आलं.

मग त्यांनी दुसऱ्या खोलीत नेऊन छोट्या दिव्यांची तपासणी केली. लाल कुठला, हिरवा कुठला. तो जवळजवळ निम्म्या वेळा चुकला.

"औषध?" मितालीने विचारलं. "ऑपरेशन? आमची कशालाही तयारी आहे."

"हा आजारच नाही, म्हणून बरं होणंही नाही. जन्मापासून असतं ते. रंगीत चष्मे विकतात, पण त्याने डोळा बदलत नाही, आणि या कामाला ते चालत नाहीत." बाईंनी प्रितमकडे वळून विचारलं, "आईच्या माहेरी कुणाला होतं?"

"आजोबांना," मितालीच म्हणाली.

"बहुतेक तसंच असतं. आईकडून मुलाला येतं. तुम्हाला मुलगा आहे?"

"मुलगी."

"मग तिला रंग नीट दिसतील. पण तिच्याकडून पुढे तिच्या मुलाला जाऊ शकतं. लक्षात ठेवा, एवढंच."

खाली उतरल्यावर ऐरोलीच्या भर उन्हात प्रितम उभा राहिला. रस्त्यावर रिक्षांची रांग होती. "बरं झालं," तो म्हणाला. मिताली वाट बघत होती की तो पुढे काहीतरी म्हणेल, पण त्याने रिक्षा थांबवली.

उदयसिंह सर एका संध्याकाळी स्वतः घरी आले. चंद्राबाईने त्यांना पाट दिला, ते खुर्चीवर बसले. मितालीने चहा आणला.

"मी वर बोललो," सर म्हणाले. "निव्वळ विमानं उभी राहतात त्या भागातल्या गाड्या तरी द्या म्हटलं. नियम नियम आहे. आणि खरं सांगायचं तर, प्रितम, मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाही म्हणालो असतो."

"मला कळतंय, सर."

"सामानाच्या विभागात जागा आहेत. टर्मिनलच्या आत. तिथे नाव घालू?"

प्रितम मितालीकडे बघू लागला, तशी चंद्राबाई पुढे झाली आणि सरांच्या पायाशीच बसली. "सायेब, त्याचा काय चुकला नाय. माज्याकडना आयलाय ता. शिक्षा मना देवा."

"मावशी, ही शिक्षा नाही," सर पाय मागे घेत म्हणाले. "कुणालाच शिक्षा नाही."

"मग काय हाय?" चंद्राबाईने विचारलं.

सर उठले, स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

प्रितमने सामानाचं काम घेतलं. टेम्पो दिपेशच्या भावाला दिला. विमानतळ सुरू झाला, आणि प्रितम दिवसभर जमिनीखालच्या मोठ्या हॉलमध्ये पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगा उचलून गाड्यांवर रचू लागला. बॅगांना आकडे असतात, रंग बघावा लागत नाही. पगार वेळेवर येत होता. दिपेश मेडिकल पास झाला होता; त्याला ती पिवळी 'फॉलो मी' गाडी मिळाली. तो भेटला की प्रितम त्याला गाडीबद्दल विचारायचा आणि दिपेश थोडक्यात सांगून विषय बदलायचा. घरी मात्र धावपट्टीचं नाव प्रितमने काढलं नाही. चंद्राबाईने वशाट, म्हणजे मासळी-मटण, सोडून उपास धरले. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही.

हिवाळ्यात एकदा संध्याकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. कुणाच्या तरी पाहुण्यांना विमानं बघायची होती. दिवस नुकताच मावळला होता आणि पलीकडे विमानतळाचे दिवे लागले होते.

"प्रितम, तू शिकलायस ना हे?" पाहुणे म्हणाले. "सांग की जरा."

मितालीला वाटलं, तो काहीतरी निमित्त काढून खाली जाईल. पण तो कठड्यापाशी आला आणि हात लांब करून सांगू लागला. ते दोन्ही कडेने सरळ गेलेले पांढरे, ती धावपट्टी. या बाजूच्या टोकाला आडवी ओळ, ती हिरवी, इथून सुरुवात. पलीकडे टोकाला लाल, तिथे संपली. अलीकडे वळण घेतलेले निळे, तो टॅक्सीवे. त्याने एकही चूक केली नाही. त्याला जागा पाठ होत्या. पाहुणे वा वा म्हणत होते, मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मिताली त्याच्या बाजूला उभी होती, आणि तो ज्या ओळीला हिरवी म्हणत होता ती त्याला कशी दिसत असेल याचा अंदाज करायचा प्रयत्न करत होती. तिला तो करता येत नव्हता.

"बाबा, आणि तो एकटा?" स्नेहलने बोट दाखवलं. रस्त्यांच्या मधेच कुठेतरी एक सुटा दिवा लागला होता, बहुतेक एखाद्या गाडीचा किंवा कामाच्या जागेचा, नकाशात नसलेला. "तो कुठल्या रंगाचा?"

प्रितम त्या दिव्याकडे बघत राहिला.

"आईला विचार," तो म्हणाला.

"लाल," मिताली म्हणाली.

"हां, लाल," प्रितम म्हणाला. मग तो पाहुण्यांना खाली चहाला बोलवायला लागला, आणि जिन्यातून सगळ्यांत आधी तोच उतरला.